गळ्यावरची निळी रेघ

देवीकडे मागून मागून मी थकले होते आणि खरं सांगायचं तर तिच्यावर रागावलेही होते. मी शाळेत गाणं शिकवते. आवाज गेला तर माझ्याकडे उरतं काय? थायरॉइडच्या गाठीची सुईने तपासणी झाली आणि अहवालात कर्करोगाचा संशय निघाला. सदर भागातल्या सर्जननी सांगितलं, दोन्ही बाजूंची पूर्ण ग्रंथी काढावी लागेल. आवाजाच्या नसा तिला लागूनच जातात, म्हणजे धोकाही दोन्हीकडे. मनात शंका होती म्हणून त्यांनी सुईने काढलेल्या नमुन्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवल्या होत्या, पण ते मत आलंच नाही आणि ऑपरेशनचा दिवस उजाडला.

सकाळी डॉक्टरांनी मला ताठ बसवून चीर कुठे द्यायची ते दाखवणारी निळी रेघ गळ्याच्या घडीवर पेनाने आखली. आडवं झालं की मान ताणली जाऊन घडी हरवते, म्हणून हे आधीच करतात. ते गेले आणि सासूबाई कोराडीच्या देवीचं तीर्थ घेऊन आल्या. देवीचं नाव घेत त्यांनी ते माझ्या गळ्याला चोळलं, पदराने पुसलं, वर अंगारा लावला. मला न्यायला आलेल्या नर्सने पाहिलं, तर रेघ गायब!

"आई, हे काय केलं तुम्ही?" मी खेकसलेच.

"मले काय माहीत वं! मले वाटलं शाई लागली."

आता गळा पुन्हा स्वच्छ करायचा, डॉक्टरांनी पुन्हा आखायचं. तोवर माझ्यानंतरच्या पेशंटला आत घेतलं. मी बाहेर वाट बघत बसले. शेवटी वैतागून मनात देवीला म्हटलं, बाई, तूच बघ आता, मला झेपत नाही.

डॉक्टर आले ते फोन हातात घेऊनच. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत नुकतंच आलं होतं. ही दुर्मीळ पण साधी गाठ असावी, सुईच्या तपासणीत ती कर्करोगासारखी दिसून फसवते. "आज एकच बाजू काढू," ते म्हणाले. "पक्का अहवाल आला की पुढचं पाहू."

भूल उतरल्यावर कुणीतरी नाव विचारलं. तोंड उघडायचीच भीती वाटत होती. सांगितलं, घोगरा, पण माझाच आवाज! सासूबाई हुंदके देऊ लागल्या.

"काहून रडून राहिल्या, आई?" असं विचारताना मीही रडत होते.

पुढे गाठ साधीच निघाली. दुसऱ्या बाजूला हात लावावा लागला नाही.

भाऊ याला योगायोग म्हणतो. म्हणू दे, मी वाद घालत नाही. मी देवीचे उपकार मानते. मागत होते तोवर माझ्या मुठी आवळलेल्या होत्या; झेपत नाही म्हणाले, तेव्हा कुठे तिला माझ्या हातावर काही ठेवता आलं.