ओढ्यात घेतलेलं मतदान

बहुमतानं ठरवलेली गोष्ट फसली, तर चूक कुणाची? बारामतीहून निघालो तेव्हा मला याचं उत्तर पाठ होतं. इंदापूर तालुका फिरून आल्यावर मात्र काहीच सुचेनासं झालं आहे.

आम्ही चौघं. जुनी जीप आणि तिच्यामागं ओढायची पत्र्याची दोनचाकी खोली. खोलीत झोपायला दोन बाकडी, एक स्टोव्ह, आणि उरलेल्या जागेत पुस्तकं नि पत्रकं. गावोगाव पुस्तकं मांडायची, गाणी म्हणायची, सभा घ्यायची. पण कुणाच्या ओसरीवर उपकाराचं झोपायचं नाही, असा आमच्या मंडळाचा ठरावच होता. प्रकाश जीप चालवणार, वंदना गाणार, मी भाषण करणार. चौथ्या सुशीलाअक्का, मोरगावच्या निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांमुळे त्यांना जीपमध्ये पाय दुमडून बसवत नसे. त्या मागच्या खोलीतच, बाकड्यावर पाय पसरून येणार होत्या.

खोली जीपला जोडायची कशी, हा पहिला प्रश्न. बारामतीच्या मिस्त्रींनी दोन जोडण्या पुढ्यात ठेवल्या. एक गोळा-वाटीची: जीपला पोलादी गोळा, खोलीच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी आणि वरून खटका. दुसरी फिरत्या कडीची: दांडीच्या टोकाला स्वतःभोवती फिरणारी जाड कडी, ती जीपच्या मागं बसवलेल्या लोखंडी जबड्यात घालून वरून पिन टाकायची.

"डांबरी रस्त्याला गोळा. आवाज न्हाय, झटका न्हाय," मिस्त्री म्हणाले. "ओढ्या-नाल्याला कडी. पण खडखड लय करती."

"आपला रस्ता कुठला?" मी विचारलं.

"ते तुमालाच ठावं!"

आम्ही मतदान घेतलं. गोळ्याला तीन हात, कडीला एकट्या अक्कांचा. "ठरलं म्हंजे ठरलं," म्हणून त्या मागं जाऊन बसल्याही. मिस्त्रींनी कडी आणि जबडा जीपमध्ये टाकून दिला. "असू द्या. परत येताना आणा."

निमगाव केतकीपर्यंत जीपच्या मागं काही आहे हे कळतही नव्हतं. मी भाषणाची तयारी करत होतो. बाजारात पुस्तकं मांडली, वंदना गायली. दुपारी एका घरी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, तिखट कढी) आणि बाजरीची भाकरी मिळाली. नंतर आतल्या एका वस्तीकडं निघालो आणि वाटेत कोरडा ओढा आडवा आला.

प्रकाशनं जीप खाली घातली. जीपचं तोंड पलीकडचा काठ चढू लागलं तेव्हा खोली अजून अलीकडून उतरत होती. मधली दांडी मोडलेल्या कोपरासारखी वाकली. वाटी गोळ्याच्या मानेवर अडली, खटका तुटल्यासारखा वाजला, वाटी गोळ्यावरून निसटली आणि खोलीचं नाक वाळूत घुसलं. जीपला वेगळी साखळी लावली होती म्हणून खोली उलटली नाही.

मी उडी मारून मागं धावलो. दार ओढलं. अक्का पुस्तकांच्या ढिगात बसल्या होत्या, कोपर धरून.

"अक्का, लागलं का?"

"हात हाय अजून जागेवर. चष्मा बघ कुठं पडला."

मी चष्मा शोधून दिला. "प्रकाश, पाना काढ. कडी लाव आत्ताच्या आत्ता!"

"थांब," अक्का म्हणाल्या. "ठराव झालाय. तो मोडायचा तर बैठक घ्या."

"हितं? ओढ्यात?" प्रकाश ओरडला.

तेवढ्यात मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. चालकानं भोंगा वाजवला. "काय चाललंय वो?"

"मतदान," वंदना म्हणाली. "जोडणी कुठली लावायची यावर."

"उमेदवार पडलेला दिसतोय! तेवढा बाजूला घ्या, मला जाऊ द्या."

त्याच्याच मदतीनं खोली कडेला ओढली. तो हसत निघून गेला आणि आम्ही वाळूत गोल बसलो. मी जोरात मांडणी केली: अक्कांचा जीव मागं आहे, तेव्हा निर्णय एकट्या अक्कांनी घ्यावा.

"मग एकाला एक मत हे कुठं गेलं?" प्रकाशनं विचारलं. मला माझंही बरोबर वाटत होतं आणि त्याचंही.

अक्का म्हणाल्या, "मला येगळा हक्क नको. मत एकच द्या. पण आधी परत्येकानं मागं बसून या. मग हात वर करा."

नवं मत होईपर्यंत गोळाच, म्हणून खटका ठोकून बसवला, तारेनं बांधला. काठानं जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर, अगदी सावकाश, आम्ही एकेक करून बसलो. प्रकाशच्या वेळी जीप मी चालवली. आत बसल्यावर समोरचा रस्ता दिसतच नाही. खिडकीत नुसतं आभाळ. दांडी कधी उसळेल, कधी आपटेल याचा पत्ता नाही, आणि पुढं बसलेल्यांचं हसणं मात्र ऐकू येतं. मी बाकडं दोन्ही हातांनी धरलं होतं.

वंदनाचा हात कडीला. माझा कडीला. अक्कांचा कडीला. प्रकाश कपाळावरचं टेंगूळ चोळत उतरला.

"काय प्रकाशराव?" अक्कांनी विचारलं.

"तरीबी गोळाच," तो म्हणाला. "खटका नीट बसवला नव्हता आपण."

अक्का इतक्या हसल्या की कोपर दुखलं म्हणून कळवळल्या. "लिहून घ्या. एक विरोधात."

कडी लावली. दांडी आडवी, तिरपी, कशीही वळली तरी कडी तिच्याबरोबर फिरत होती. ओढा पार झाला. त्या वस्तीवरून पुढं बावडा गावापर्यंत इतकी खडखड झाली की जीपमध्ये एकमेकांशी बोलता आलं नाही. पोचून दार उघडलं, तर अक्का गाढ झोपल्या होत्या.

परतीच्या वाटेवर तीच खडखड ऐकत मी वही उघडली. मागं बसून आल्यावर माणूस शहाणा होतो, असं लिहायचं माझ्या मनात होतं. पण प्रकाशही मागं बसला होता. त्यानं आमच्याइतकेच हिसके खाल्ले आणि मत बदललं नाही. मग अक्कांच्या अटीनं नक्की काय साधलं? मला सांगता येत नाही. एवढंच दिसलं, की दुसऱ्या वेळी हात वर करताना आम्ही आधी अक्कांच्या कोपराकडं पाहिलं. प्रकाशनंसुद्धा.

तुमच्या मंडळात, सोसायटीत, घरात पुढची बैठक होईल तेव्हा एक करा. ठरावाचा धक्का ज्याला बसणार आहे त्याच्या जागेवर आधी जाऊन बसा. मागच्या दारानं, सामानात, समोरचं काही दिसत नसताना. तिथून उतरा आणि मगच हात वर करा.