शिट्टी घालणारी लाइन

परभणीच्या आमच्या पाटबंधारे कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटला आणि खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. यंत्रासाठी एअरकंडिशनर बसला, तेव्हापासून साहेबांच्या दुपारीही यंत्राच्या देखरेखीत जाऊ लागल्या. दुसरा कॉम्प्युटर येलदरीच्या धरणावर. मधे टेलिफोनची तार. तिच्यावरून लेखी निरोप जायचे.

धरणावर फोन एकच होता. कर्मचारी गप्पा मारतात म्हणून साहेबांनी तो कपाटात कुलूपबंद करायला लावला आणि तार मॉडेमच्या डबीला जोडली. आता तिथं फोन लावला की माणसाऐवजी डबी शिट्टी घालायची. मधल्या एक्स्चेंजचा ऑपरेटर ट्रंक कॉल जोडून आधी स्वतः ऐकायचा. शिट्टी म्हणजे लाइन बिघडली, एवढंच त्याला ठाऊक. आमचे पैसे वाचावेत म्हणून तो लगेच लाइन काढून टाकायचा.

एका दुपारी धरणावरच्या कारकुनाचा थोरला भाऊ आला. दारातल्या शिपायाला 'जय भीम' घालून मला म्हणाला, "माय सिव्हिल दवाखान्यात हाय, सायेब. आज काई खरं न्हाई. धाकट्याचं नाव घ्यायलीय. पोस्टातून फोन लावला, तर नुस्ती शिट्टी वाजायलीय."

"साहेब, जीप पाठवू या," मी म्हटलं.

"जीप? मग हे कशाला आणलंय?" यंत्राला खरं काम मिळालं म्हणून साहेब खुशीत होते. निरोप त्यांनी स्वतः टाइप केला, इंग्रजीत. भावानं चपला काढल्या होत्या, तरी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. यंत्राला धूळ चालत नाही म्हणे. आमच्या पायांची चालत असावी.

कॉल लागला, आणि मी धरलेल्या फोनवर ऑपरेटरचा आवाज आला, "हॅलो परभणी, लाइन खराब हाय हो. काढू का?"

"काढू नका!" मी म्हटलं. "ती शिट्टी आमचीच आहे."

"तुमची?" ऑपरेटर हसला. "मग जरा सुरात तरी मारा की."

त्यानं लाइन राहू दिली. निरोप निघाला, आणि अर्ध्यावर असताना ऑपरेटरनं मधेच विचारलं, "चालू हाय का बोलणं?" त्याच्या आवाजासरशी सगळं तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा त्यानं काळजीनं विचारलं.

"अजून किती येळ, सायेब?" भावानं दारातून विचारलं.

"गेलाच समज," साहेब म्हणाले.

त्यानं समजून घेतलं नाही. तो स्टँडवर गेला आणि धरणाच्या वाटेवरच्या जिंतूरची बस धरून स्वतःच भावाला आणायला निघाला. दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी परतले तेव्हा आई गेलेली होती. जाताना तिच्याजवळ दोघांपैकी एकही नव्हता.

पोचेपर्यंत यंत्र कुठलाच निरोप टाकून देत नसे. दुखवटा संपवून कारकून कामावर हजर झाला, त्या दिवशी लाइन चांगली होती. आई गंभीर आहे, ताबडतोब निघा, हे त्याला मिळालं. नियमाप्रमाणे त्यानं पोच पाठवली: निरोप मिळाला.

साहेबांनी ती पोच कागदावर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवली. मुंबईहून कुणी पाहणीला आलं की ते तिच्यावर बोट ठेवून योजना समजावून सांगत.