मामाचा ट्रक आणि माझी गादी

सकाळी साकोलीच्या गोदामातून पार्सलं उचलायची आणि सानगडीपर्यंतच्या गावांत दारोदार वाटत फिरायचं, हे माझं काम. मोटारसायकलच्या मागे बांधलेली पिशवी माझ्यापेक्षा उंच असते, त्यामुळे मागून येणाऱ्याला पिशवीच गाडी चालवतेय असं वाटतं. हे काम सोडून मी ट्रकवर जाणार होतो असं आता सांगितलं की लोक हसतात. पण तेव्हा ते जवळजवळ ठरलंच होतं.

या सगळ्याला कारण माझा मामा. तो तुमसरच्या राइस मिलमधला तांदूळ भरून हैदराबादपर्यंत, कधी त्याच्याही पुढे ट्रक नेतो. त्याच्या मालकाला जोडीला दुसरा ड्रायव्हर हवा होता. माझ्याकडे जड वाहनाचं लायसन्स होतंच, कधीतरी हौसेने काढून ठेवलेलं. मामा घरी आला, अंगणात खाटेवर बसला आणि चहा फुंकत मला म्हणाला, “भाच्या, हा का धंदा होय? दिवसभर लोकायच्या दारात पार्सल, पार्सल वरडत हिंडतं. कुत्रे मांगं लागते ते अलग. चाल माह्यासंगं, दुनिया पाय.”

कुत्र्यांचं बोलणं मला लागलं. आदल्याच आठवड्यात एका कुत्र्याने माझी पिशवी धरली होती आणि सारं गाव मजा बघत उभं होतं.

“एक चक्कर मार,” मामा म्हणाला. “वापस आलो का, मंग हो नाई त नाई सांगजो. मालक तवापर्यंत थांबते.”

मायने कप उचलले आणि ती आत गेली. एरवी माझ्या मायचं तोंड झोपेतच काय ते मिटतं. पण मामा तिचा धाकटा, लाडका भाऊ. त्याच्यापुढे ती एक शब्द बोलत नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “जायचं असन त जा, पण रोज सकाळी उठून मले विचारू नोका.”

मग मी तयारीलाच लागलो. मामाच्या ट्रकची सीट बसून बसून दगडासारखी झाली होती, म्हणून मोबाइलवरून एक जाडजूड गादी मागवली. दुसऱ्यांची पार्सलं वाटणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागवलं, आणि ते वेळेवर आलं नाही. गिऱ्हाइकं मनात मला काय काय म्हणत असतील ते तेव्हा कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी सानगडीच्या एका म्हातारीचं पार्सल होतं. तिचा मुलगा पुण्याला असतो. मिक्सरपासून गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत सगळं तोच तिकडून मागवतो, त्यामुळे पार्सल हाती द्यायला जो कोड लागतो तो त्याच्याच फोनवर जातो. मी तिच्या दारात उभा राहून त्याला फोन लावतो, तो कोड सांगतो, आणि मी फोन ठेवायच्या आत म्हातारी तो हातातून घेते. “जेवला काय, बापू?” पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “हो, जेवलो. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो.” तिला कमी ऐकू येतं. फोन परत देताना ती मला विचारते, “काय म्हणे?” मी सांगतो, “मजेत हाय म्हणे.” तेवढ्यावर ती खूश होते. त्या दिवशीही झाली.

आणि मी ट्रकवर गेलो. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. मोटारसायकलवरून कुंपणं दिसतात; केबिनमधून कुंपणापलीकडची शेतं, पाण्याने भरलेल्या बोड्या, त्यांतले बगळे सगळं दिसतं. घरी पाण्याचा पेला न उचलणारा मामा रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून वांग्याची भाजी अशी करत होता की मामीला कळलं तर तिने त्याला कायमचं चुलीपुढे बसवलं असतं. नागपूर ओलांडल्यावर त्याने स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. मी हॉर्न वाजवला आणि पुढची मोटारसायकल बाजूला झाली. इतकी वर्षं तसं बाजूला होणारा मीच होतो. मनातल्या मनात मी हो म्हणून मोकळा झालो.

हैदराबादला गोदामाबाहेर ट्रकांची लांबच लांब रांग होती. आमचा नंबर यायचा होता. मामा खाली पाय मोकळे करत होता, मी केबिनमध्ये घामाघूम होऊन बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. माझ्या जागी माझ्या भागात फिरणारा आमचाच एक जोडीदार होता. “दादा, तुमच्याच दारात उभा हावो. कोड सांगा.” माझी गादी पोहोचली होती. मी कोड सांगितला. तिकडे काहीतरी खडबडलं आणि मायचा आवाज आला.

“बाबू, जेवला काय?”

नेमकी त्याच वेळी रांग सरकली. मागच्या ट्रकने हॉर्न दाबून धरला, मामा खालून ओरडला, “गाडी घे ना समोर!” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हो माय, जेवलो. गाडीत आहे, ठेवतो.”

त्या हॉर्नमध्ये तिला काही ऐकू गेलं नसावं. फोन बंद करता करता मला तिचा आवाज आला. ती माझ्या जोडीदाराला विचारत होती, “काय म्हणे?”

मी जेवलो नव्हतो. ट्रक पुढे घेतला, ब्रेक लावला आणि डोळे पुसले. मामाने विचारलं तर धूळ गेली म्हणालो. परतीच्या वाटेवर मामा गाणी म्हणत होता आणि मी पुण्याच्या त्या मुलाचा विचार करत होतो. मीटिंग खरीच असेल त्याची. माझीही गाडी खरीच होती.

घरी पोहोचलो तर माय अंगणात माझ्या गादीवर मांडी घालून लाखोळीची डाळ निवडत होती. आम्हाला पाहून ती लगबगीने उठली, गादी झटकली आणि माझ्यापुढे धरली.

“घे बाबू, तुह्यी गद्दी. मी खाली बसून पायलं, कशी हाय त. मस्त हाय. तुले गाडीत लागन आता.” हे सगळं ती गादीकडे बघत बोलली.

मामा खाटेवर टेकला. “मंग भाच्या? मालकाले का सांगू?”

पगार जास्त होता. केबिन उंच होती. हॉर्न तर काय सांगावा. मी मायच्या हातून गादी घेतली आणि होती तिथेच अंथरली.

“बस माय,” म्हणालो. “हे गद्दी तुह्यीच होय.”

माय बसली, सूप मांडीवर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या लाडक्या भावाकडे वळून म्हणाली, “आयकलं ना? कसं वाळवून आणलं रे माह्यं पोरगं! हप्ताभर का खाऊ घातलं त्याले?” आणि तिथून जी सुरू झाली ती मामाचा चहा संपला, ट्रक गावाबाहेर पडला तरी थांबली नव्हती.