कान एकदम बराबर

माझी मुलगी सातवीत असताना तिला शाळेतून निबंध दिला होता : 'कारखाने, शाप की वरदान'. ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमी तर कंपनीतच हायत, सांगा ना काय लिहू." मी म्हणालो, "दोन्ही बाजू लिही, बाई मार्क देतील." बाईंनी मार्क दिले. मला मात्र तो निबंध अजून सुटलेला नाही.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी बावीस वर्षं काम करतो आहे. भट्टीतून निघालेली लालबुंद सळई रोलमधून सळसळत बाहेर येते. तिचं तोंड चिमट्यात पकडायचं आणि पुढच्या रोलमध्ये द्यायचं, हे माझं काम. रोलच्या पलीकडं माझा जोडीदार उभा असतो. तो जालन्याचाच. घरी उर्दू बोलतो, आणि माझ्याशी कोणत्या भाषेत बोलतो ते त्यालाही सांगता यायचं नाही. आवाज एवढा की कानाला तोंड लावून ओरडलं तरी उपयोग नाही, म्हणून मिलमध्ये सगळं बोलणं हातांनी चालतं. पंजा दाखवला की थांब. दोन बोटं वर केली की पुढची सोड. डोक्यावर मूठ ठेवली की मालक येतोय. इशारा चुकला तर सळई मांडीतून आरपार जाते, आणि हे मी उगाच म्हणत नाही, एकदा पाहिलं आहे. त्यामुळं त्याचा हात हलला की माझा हात हलतो. मधे डोकं येत नाही.

मिलला मी शिव्या देणार नाही. माझे वडील राजूरकडच्या आमच्या कोरडवाहू रानात आभाळाकडं बघत म्हातारे झाले. मला आभाळाकडं बघायची वेळ आली नाही. तसंही एमआयडीसीच्या धुरात ते फारसं दिसत नाही. मिलच्या जिवावर दोन खोल्यांवर स्लॅब पडला, बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन कामगारांच्या दवाखान्यात झालं, आणि मुलगी आज संभाजीनगरला नर्सिंग शिकते. आमच्या घरातली एक तरी बाई आधी जिल्ह्याबाहेर शिकायला गेली होती का? बायको गच्चीवर कुरडया वाळत घालते त्या जुन्या साडीनं झाकून, तरी तळताना तेलात काजळीचे कण तरंगतात. आम्ही त्या कुरडया खातो. त्याचंही मला फार वाटत नाही.

वाटतं ते कानांचं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी, मग बायकोचं स्वयंपाकघरातून बोलणं. हे शेवटचं पुढं जोडीदाराला सांगितलं तेव्हा त्यानं माझं अभिनंदन केलं. कानात घालायला बोळे मिळाले होते, पण भट्टीसमोर घामानं ते निसटायचे, आणि बोळे घालणाऱ्याला आम्ही सगळे 'नवरी' म्हणायचो. हसणाऱ्यांत मी पुढं होतो. चतुर्थीला राजूरला गेलो की गावाकडची माणसं मागून हाका मारत आणि मी तसाच पुढं जाई. कंपनीत गेला आणि माजला, असं माझ्या भावालाच कुणी तरी ऐकवलं. मिलमध्ये मात्र कुणाला पत्ता नव्हता. तिथं सगळेच बहिरे, म्हणून मी धडधाकट. पुढं पुढं मला सुट्टीचा दिवस नकोसा वाटायला लागला. ज्या जागेनं माझे कान खाल्ले, तेवढ्या एकाच जागी मला सगळं समजत होतं. याचा मला भयंकर राग येतो.

मागच्या वर्षी मिलमध्ये कान तपासणारी गाडी येणार असं कळलं. ज्याचे कान गेले त्याला घरी बसवणार, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. खरं काय, कुणीच विचारलं नाही. मी मात्र चहाच्या टपरीवर जोडीदाराला सगळं सांगून टाकलं.

"मंग काऊन घाबरून राह्यला?" तो म्हणाला. "मला ठावं हाय की. दोन साल झाले, तू माझ्या तोंडाकडं पाहून बोलतो. टेन्शन घेऊ नको. फकत माझ्या हाताकडं पाह्य."

गाडीत काचेची एक छोटी खोली होती. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारा पोरगेला डॉक्टर बाहेर मशीनपाशी. आवाज सोडला की मशीनवर बारीक हिरवा दिवा लागायचा. डॉक्टरच्या पाठीमागं, दारात, रांगेतला पुढचा माणूस म्हणून माझा जोडीदार उभा. दिवा लागला की तो दोन बोटं वर करायचा. बोटं वर गेली की मी बटण दाबायचो.

घोटाळा इथंच झाला. आम्ही एकही चुकवला नाही. सुरुवातीचे मोठे आवाज, शेवटचे माणसाला ऐकूच न येणारे, सगळे. चारदोन सोडून द्यावेत, एवढी साधी अक्कल दोघांनाही सुचली नाही. बावीस वर्षं ज्या हातानं एक इशारा हुकवला नाही, तो हात तिथं कसा हुकवणार? डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिला. "काका, कान एकदम बराबर. तुमच्या वयात असे कान मी पाहिले नाहीत," असं तो म्हणाला म्हणे. मला जोडीदारानं नंतर सांगितलं. आम्ही दोघं टपरीवर जाऊन पोट धरून हसलो.

दिवाळीला मुलगी घरी आली. मी ओट्यावर बसलो होतो आणि ती मागं उभी राहून मला हाका मारत होती. आधी हळू, मग मोठ्यानं. मला यातलं काहीच कळलं नाही. सहज वळलो तेव्हा ती रडत होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं मला सरकारी दवाखान्यात नेलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं तर मिलच्या आवाजातून बाहेर पडा, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, गेटवर काम मागा. न्हाईतर वजनकाट्यावर. माझी शपथ हाय तुमाला."

म्हणून साहेबांकडं गेलो. त्यांची केबिन शांत, आणि ते तोंड उघडून मोठ्यानं बोलतात, त्यामुळं अडचण नव्हती. मी दवाखान्याचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचला, फाइल मागवली आणि गाडीवाल्या डॉक्टरचा कागद त्याच्याशेजारी ठेवला.

"यात तर तुमचे कान नंबर एक आहेत. आता मला सांगा, हा कागद खोटा कसा झाला?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खरं बोललो असतो तर पुढचा प्रश्न होता, दारात कोण उभं होतं. जोडीदाराला तीन लेकरं आहेत आणि चिमट्याशिवाय दुसरं काम त्याला येत नाही. मला त्या खुर्चीतून उठून पळून जावंसं वाटलं, पण पळून जायचं तरी परत मिलमध्येच.

"कान बराबर आहेत, साहेब," मी म्हणालो. "पाय दुखतात जरा."

"पाय सगळ्यांचेच दुखतात," साहेब म्हणाले आणि फाइल मिटली.

घरी मुलगी दारातच उभी होती. "काय म्हनले साहेब?"

"हो म्हनले. पुढच्या महिन्यापासून गेटवर."

ती एवढी खूश झाली की आईला हात धरून बाहेर घेऊन आली. नंतर निश्चिंत मनानं कॉलेजला परत गेली. मी चिमट्यावरच आहे, आणि आता डाव्या कानात काही उरलेलं नाही. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, मला तिचे ओठ दिसावेत म्हणून. गेटवर बरं वाटतंय का, विचारते. एकदम बरं, असं मी म्हणतो. महिनाभर झाला, तिचं बाकीचं बोलणं ओठांवरूनही नीट लागत नाही. तेवढं 'बाबा, ऐकू येतंय ना?' लगेच ओळखता येतं. त्याला मी हो म्हणतो.