दोन तपासण्यांच्या मधले दिवस

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारासिवनीच्या शाळेत सातवीला त्रैराशिक शिकवत होतो आणि एका मुलीवर उगाच खेकसत होतो. फोन ताईच्या लॅबमधून होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "सरजी, कुंदा मॅडम नहीं रहीं." सकाळी कामावर निघताना चपला घालायला वाकली, ती उठलीच नाही. मी फोन ठेवला आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार ताईचा आला नाही. आता माझ्या धाकटीचं, आरूचं रक्त कोण काढणार, हा आला. सख्ख्यासारखी बहीण गेली आणि याला स्वतःची पडली आहे! सहा आठवडे झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला, लोक तिच्याबद्दल चांगलं बोलून जेवून गेले, तरी तो विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो आहे... बसलो कसला, चार ओळी लिहितो आणि उठून अंगणात दोन चकरा मारतो.

ताई माझी मावसबहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. माहेर हट्ट्याचं. बालाघाटला बसस्टँडजवळच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिनं जवळजवळ तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की आधी तिच्याकडे जायचा, मग डॉक्टरकडे. तोंडानं फटकळ. मोठमोठ्या माणसांना सुई पाहून घाम फुटला की ती हसायची, पण लहान मुलांना कधी 'दुखणार नाही' असं खोटं बोलली नाही. दुखेल, म्हणायची, आणि मुलं गुमान हात पुढे करायची. मला मात्र ती आयुष्यभर दिल्याच म्हणाली. माझे विद्यार्थी समोर असले तरी दिल्याच.

माझी थोरली, दिव्या, नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. महिनाभर ती सारखी पाणी प्यायची. झोपेत अंथरूण ओलं करायला लागली, तर मी एवढी मोठी घोडी झाली म्हणून तिला रागावलो. देवाशपथ सांगतो, रागावलो. वजन उतरलं ते उन्हाळा म्हणून सोडून दिलं. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, श्वास धापा टाकल्यासारखा चालायला लागला. एका दवाखान्यात निमोनिया म्हणाले. आम्ही छातीच्या तपासणीच्या गडबडीत असताना ताई आली, पोरीच्या तोंडाजवळ नाक नेऊन श्वासाचा वास घेतला आणि लघवीची डबी मागितली. पट्टी बुडवली. साखर भरपूर, आणि कीटोनसुद्धा. शरीराला साखर वापरता येईना म्हणून ते चरबी जाळत होतं, त्याची राख ती, असं तिनं मला नंतर समजावलं. त्या घडीला एवढंच म्हणाली, "गाडी काढ. गोंदियाले चाल." राजेगाव येईपर्यंत मागच्या सीटवर ती दिव्याला हाका मारत होती. मी गाडी चालवत होतो आणि रडत होतो. पोरगी वाचली. तेव्हापासून इन्सुलिनच्या रोज चार सुया तिच्या नशिबी आल्या, आणि त्या पोरीनं त्या माझ्यापेक्षा फार लवकर मान्य केल्या.

पुढे नागपूरचे डॉक्टर म्हणाले की शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच कधीकधी चुकतात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं समजून मारतात. या मारामारीच्या खुणा, म्हणजे अँटीबॉडी, आजार दिसायच्या कितीतरी आधी रक्तात सापडतात. धाकटीची तपासणी करायची का? आरू तेव्हा पाच वर्षांची. मी नाहीच म्हणालो. जे थांबवता येत नाही ते आधी कळून काय करायचं? घरी येऊन बायकोवर ओरडलो, ताईवर ओरडलो. ताईनं ओरडू दिलं. मग विचारलं, "दिव्यासारखी धापा टाकत हिलेबी नेशीन का गोंदियाले? कळलं तर कमीत कमी चालत जाईन तुही पोरगी." दुसऱ्या दिवशी मी आरूला तिच्या लॅबमध्ये नेलं.

नमुना बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला गेला. दोन अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या. साखर मात्र अगदी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले की एक असती तर वाट पाहता आली असती, दोन म्हणजे आजार बहुधा येणार. कधी ते सांगता येत नाही. वर्षात येईल, दहा वर्षांत येईल. औषध नाही, पथ्य नाही, फक्त लक्ष ठेवायचं. सांगा, अशा पोरीचा बाप कसा बसेल स्वस्थ? आरू अंगणात लंगडी खेळायची, धापा टाकत घरात यायची, पाणी मागायची, आणि मी मोजायला लागायचो. एक ग्लास प्यायली की दोन? आत्ताच तर लघवीला जाऊन आली ना? दिव्याचं ग्लुकोमीटर घरात होतंच. मी आरूचं बोट टोचायला लागलो. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग लग्नात गुलाबजाम खाल्ला म्हणून, सर्दी झाली म्हणून, जरा गप्प बसली म्हणून. बायको चिडायची. आरू मला पाहिलं की हात पाठीमागे लपवायची. मला ते दिसत होतं, आणि तरी मी टोचत होतो.

तीन महिन्यांनी ताईकडे तपासणी असायची. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी, आणि पोरीचं स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनतं ते सांगणारं सी-पेप्टाइड. एकदा मी काय केलं... तपासणीच्या आधी दोन दिवस आरूला भात दिला नाही. आमच्या भागातल्या पोरीला भात नाही! पोळी नाही, केळं नाही, नुसतं उसळीचं पाणी आणि अंडं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून. मी गणित शिकवणारा माणूस, आणि पाहुणे येणार म्हणून घर झाडावं तसं पोरीचं रक्त झाडून नेलं. साखर मस्त आली. मी खूश. ताईनं लघवीची पट्टी पाहिली आणि पट्टी हातात धरूनच बाहेर आली.

"दिल्या, पोरीले उपाशी ठेवलं का तू?"

मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग साखर कमी असून कीटोन काहून आले, हवेतून? लॅबमध्ये पाचसहा पेशंट बसले होते, ताईला त्याचं काही नव्हतं. शुगरले फसवशीन, म्हणाली, पण सरासरीले कसा फसवशीन? मग मला मागच्या खोलीत नेलं. तिथं ती ओरडली नाही, आणि म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं. "तुह्या एका पोरीले बिमारी हाय. दुसरीले अजून नाही हाय. जिले नाही हाय तिले पेशंट नको करू. तीन महिन्यातून एक दिवस मले दे. मधले दिवस तिचे हाय, तुहे नाही." पाणी फार प्यायला लागली, सारखी लघवीला जायला लागली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी घेऊन ये, तारखेची वाट पाहू नको. पण एरवी तिच्या बोटाला हात लावायचा नाही, असं कबूल करून घेतलं.

मी ते पाळलं, पण माझ्या जिवावर नाही, ताईच्या धाकावर. हात शिवशिवला की तिला फोन करायचो. ती कधी झापायची, कधी आरू आज काय जेवली, काय खेळली ते विचारायची, आणि बोलता बोलता तो तास निघून जायचा. तीन वर्षं अशी निघाली. आरू आता आठ वर्षांची आहे, आणि लंगडीत कुणाला हार जात नाही. तीन महिन्यांची सरासरी किंचित चढली आहे, धोक्याच्या रेषेच्या आत आहे. माझ्या बहिणीनं मला हे एवढं दिलं आणि मी तिला आयुष्यात एकदाही नीट धन्यवाद म्हणालो नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत, हे खरं, पण म्हणायला हवं होतं.

ती गेली आणि मी पुन्हा टोचायला लागलो. बारा दिवसांत सात वेळा. मग तपासणीची तारीख आली आणि निघून गेली, कारण त्या लॅबची पायरी चढायचं माझ्यानं होत नव्हतं. शेवटी गेल्या शनिवारी बायकोनं आरूला तयार करून माझ्यासमोर उभं केलं. ताईच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसली होती. हात हलका होता तिचा, तक्रार करायला जागा नाही. रक्त नळीत उतरत होतं आणि मी, नेहमीसारखा, भिंतीकडे पाहत उभा होतो.

कापूस दाबून धरत आरूनं मला विचारलं, "बाबा, आता बरं वाटून राह्यलं का तुम्हाले?"

मला कळेना. मला काय झालं आहे, म्हटलं. तर ती अगदी सहज म्हणाली की कुंदाआत्यानं सांगितलंय, मला काही झालेलं नाही, बाबांना भेवाची बिमारी आहे, ते फार भितात. त्या बिमारीला औषध म्हणून माझं थोडं रक्त लागतं. म्हणून मी देते.

तीन वर्षं ही पोरगी माझ्यासाठी हात पुढे करत होती... "थोडं वाटते," मी म्हणालो.

आरूनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग कापूस टेबलावर ठेवला, दुसऱ्या हाताची बाही वर सारली आणि तो हात त्या नव्या मुलीपुढे केला.

"दीदी, इसमें से भी ले लो."