दोन बोटं वाढतं माप

मास्तरांच्या घरात ऊन येतं ते एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीत नऊ वर्षं त्यांचं शिलाई मशीन बसलेलं होतं.

मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत, शिवणारे. तीन शाळांचे गणवेश त्यांच्या हातचे. त्या भागातली निम्मी माणसं त्यांच्यासमोर कधी ना कधी हात वर करून उभी राहिलेली आहेत. दुकान बंद झालं तेव्हा कपाटं गेली, आरसा गेला, पाटीसुद्धा गेली. मशीन तेवढं घरी आलं आणि उन्हाच्या खिडकीत मुक्कामाला आलेल्या जावयासारखं पाय पसरून बसलं. त्याला उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती छाती बाईंना झाली. बाई म्हणजे मास्तरांची बायको. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेच्या नळ्या धुण्यात आणि त्या फोडणाऱ्या मुलांना धुण्यात तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्यांनी टोमॅटो लावायला घेतले. तीन हिवाळे ओळीने मागच्या गॅलरीतली रोपं थंडीने मेली, तेव्हा त्या चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "अहो, ती खिडकी मला द्या."

"आणि दोरा ओवू कुठे? तुझ्या डोक्यावर बसून?"

"महिन्यातून दोनदा दोरा ओवता तुम्ही. झाडाला ऊन रोज लागतं."

"झाडाला काय लागतं ते मला नको सांगूस. पाणी आणि ऊब! उजेड माणसाला लागतो, सुईचं भोक दिसायला."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग प्रयोग करू."

हा शब्द त्यांच्या तोंडून एकदा निघाला की मागे फिरायची सोय नसे, हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक होतं.

तीन सारख्या कुंड्या, एकाच पोत्यातली माती, एकाच पाकिटातलं बी, रोज एकेक वाटी पाणी. पहिली कुंडी खिडकीत, मशीनच्या कोपऱ्यावर. तिच्यावर बाईंनी चिठ्ठी लावली, 'ऊन आणि ऊब'. दुसरी स्वयंपाकघरात शेगडीवरच्या फळीवर, 'ऊब आहे, ऊन नाही'. तिसरी गॅलरीत, 'उजेड आहे, ऊब नाही'. मुदत चाळीस दिवस. फळीवरचं रोप खिडकीतल्याच्या बरोबरीला आलं तर मशीन जागचं हलणार नाही. नाही आलं तर मशीन आतल्या भिंतीला. मापं मास्तरांनी घ्यायची, कारण मापाच्या बाबतीत त्या घरात दुसऱ्या कुणाचं चालत नसे.

मास्तरांना आतल्या भिंतीची धास्ती होती. गिऱ्हाइकांच्या घरी त्यांनी पाहिलं होतं, भिंतीला गेलेलं मशीन मशीन राहत नाही. आधी त्याच्यावर कापड पसरतात, मग फोटो येतो, मग इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. आणि मशीन गेल्यावर शिंप्याला नुसता म्हातारा व्हायला कितीसा वेळ लागतो? पण हे काही ते बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी फळीवरचं बी फुटलं. बाकीच्या दोन्ही कुंड्यांत नुसती माती.

"बघ! ऊब!" मास्तर घरभर फिरले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनना मुद्दाम खाली बोलावून त्यांनी कोंब दाखवला. पोस्टमन म्हणाले, "मास्तर, नातू झाल्यावरसुद्धा एवढे फुगला नव्हतात."

"उगवणं वेगळं, वाढणं वेगळं," बाई भांडी घासता घासता म्हणाल्या.

खिडकीतलं आठव्या दिवशी उगवलं. गॅलरीतलं पंधराव्या दिवशी कसंबसं वर आलं आणि कुडकुडत तिथेच थांबलं.

मग रोज सकाळी मापं सुरू झाली. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. मास्तर कुंडीपुढे गुडघे टेकत आणि सवयीने म्हणत, "हं, सरळ उभा राहा. श्वास सोड." टेप हातात आली की त्यांना शाळा सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस आठवत. दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत रांग. गुदगुल्या होतात म्हणून वळवळणारी पोरं आणि मागे उभ्या आया. प्रत्येकीचं एकच म्हणणं, "मास्तर, वाढतं अंग आहे हो, जरा मोठं ठेवा." मास्तर पँटच्या पायाशी तीन-तीन दुमडी ठेवत. दर वर्षी पोर आलं की एक दुमड उसवून द्यायची. जुन्या दुमडीची फिकी रेघ तशीच राहायची, त्यामुळे कोणाच्या पँटला किती वर्षं झाली ते रस्त्यावरूनही मोजता यायचं. तिन्ही रेघा उघड्या पडलेला पोरगा दिसला की मास्तरांना स्वतःच वाढल्यासारखं वाटे.

विसाव्या दिवशी बाईंनी वही पाहिली आणि प्रयोगशाळेतली पोलादी पट्टी काढली.

"अहो, हे फळीवरचं रोप तीन इंच आहे. तुम्ही साडेचार लिहिलंय."

"शक्यच नाही."

"खिडकीतलं दोन इंच, साडेतीन लिहिलंय. सगळीकडे दीड-दीड इंच जास्त! खोटी मापं लिहिता?"

मास्तर लालेलाल झाले. वही ओढून घेतली आणि पाहतात तो खरंच. डोळे टेपवरचा आकडा बरोबर वाचत होते. हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने दोन बोटं वाढवून लिहीत होता.

"खोटं माप मी जन्मात लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षीचं लिहितो, एवढंच."

बाईंना हसू आवरेना. पण त्यांनी प्रत्येक आकडा खोडून नवा लिहिला. प्रयोग म्हणजे प्रयोग.

पस्तिसाव्या दिवशी फळीवरचं रोप सात इंच झालं, खिडकीतलं पाच. म्हणजे बरोबरीचा प्रश्नच उरला नाही. मशीन वाचलं होतं. मास्तर टेप गुंडाळू लागले आणि मध्येच थांबले.

त्यांना एक मुलगा आठवला. सुट्टीत अचानक ताडमाड वाढलेला, आई कौतुकाने सांगत होती, "एका वर्षात सहा इंच!" मास्तरांनी छातीभोवती टेप फिरवली तर माप मागच्या वर्षीचंच. तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, कापड मी पुरवीन, पण आधी याला खाऊ-पिऊ घाला. ही वाढ नव्हे, ओढ आहे."

फळीवरचं रोप पिवळट, सुतासारखं, खिडकीच्या दिशेने मान काढून उभं होतं. दोन पानं, तीही फिकी. टेप रुंद पडली म्हणून मास्तरांनी दोरा घेतला आणि खोडाभोवती गुंडाळून पाहिला. खिडकीतल्या रोपाला तिप्पट दोरा लागला. ते बराच वेळ दोन्ही दोरे तळहातावर घेऊन बसले. बाई आंघोळीला गेल्या होत्या, पाहणारं कुणी नव्हतं. प्रयोगाच्या अटींत छातीचं माप नव्हतंच.

चाळिसाव्या दिवशी बाईंनी वही उघडली. "फळीवरचं आठ इंच, खिडकीतलं साडेसहा... अहो, तुम्ही जिंकलात की!"

"खालची ओळ वाच."

खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'उंची भरपूर. छाती नाही. कपडे शिवू नयेत.'

मास्तरांनी पोस्टमनना हाक मारली आणि दोघांनी मिळून मशीन आतल्या भिंतीला नेलं. पोस्टमन धापा टाकत म्हणाले, "आयुष्यभर टपाल वाटलं, पण एवढं जड पार्सल नव्हतं." एरवी मास्तर हसले असते.

दुपारी बाई फळीवरची कुंडी रिकामी करायला निघाल्या. मास्तर आडवे आले.

"टाकतेस कशाला? लांबी जादा आहे इतकंच ना? आत दुमडू."

"माती लागून खोड कुजेल."

"कुजलं तर कुजलं. प्रयोग!"

त्यांनी खोल कुंडी आणली. ते सुतासारखं खोड पार पानांपर्यंत मातीत पुरलं, बोटांनी दाबलं आणि खिडकीत ठेवून दिलं. आठवडाभर काही हललं नाही. मग वरचं पान हिरवं झालं, शेजारी नवं फुटलं. बाईंनी कडेची माती हलकेच उकरली तर दुमडलेल्या खोडाला जागोजाग पांढरी मुळं सुटली होती.

"तीस वर्षं शाळेत होते," बाई म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"शिंप्याला विचारायचं."

इतके दिवस मास्तर आतल्या भिंतीकडे वळले नव्हते. त्या संध्याकाळी भीत भीत गेले. मशीनवर ना कापड होतं, ना फोटो. टाचण्यांच्या उशीत सात सुया उभ्या होत्या, सातही ओवलेल्या. पांढरा, खाकी, निळा, सगळे गणवेशाचे दोरे. बाजूला पोस्टमनच्या नातीचा शाळेचा स्कर्ट, दुमड उसवायला आलेला.

"या कुणी ओवल्या?"

"खिडकीत बसते मी सकाळी. पाणी जिरेपर्यंत हात रिकामेच असतात."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुमडलेल्या रोपाचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि स्कर्ट उसवायला बसले. बाईंनी पट्टी लावून पाहिली. पट्टीवर चार इंच होतं, वहीत साडेपाच. त्यांनी पेन्सिल उचलली, मशीनकडे एकदा पाहिलं आणि वही तशीच मिटून ठेवली.