सुई तिच्याच हातात

माझ्या मुलीला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. गोळ्यांवर भागणारा नव्हे. सकाळ-संध्याकाळ पोटावर इन्सुलिनची सुई, तीही जन्मभर. पहिलं वर्ष प्रत्येक सुई मीच टोचली.

मी तेव्हा चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाईनवर होते. वर्षभर मला जनरल शिफ्ट मिळाली, मग काम वाढलं आणि सगळ्यांनाच आळीपाळीने शिफ्ट लागल्या. फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस चिंचवडहून पहाटे साडेपाचला सुटायची. मुलीची सुई सातला, नाश्त्याआधी. तिचे बाबा रिक्षा चालवायचे, सकाळी घरी असायचे, पण सुई बघितली की त्यांना घेरी यायची.

पिंपरीच्या दवाखान्यातल्या सिस्टरना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिलाच शिकवा."

"अहो, नऊ वर्षांची आहे ती."

"म्हणूनच म्हणते. पंधराव्या वर्षी ती तुमचं ऐकायची नाही."

त्यांनी मुलीला बाकावर बसवलं, औषध किती ओढायचं ते दाखवलं आणि सुई तिच्या हातात दिली. ती नुसती बघत बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही. मी हात पुढे केला, तर सिस्टरनी माझं मनगट धरून ठेवलं. शेवटी तिने डोळे मिटले आणि टोचून घेतलं.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मी चारचौघींत सांगायचे, माझी पोर स्वतःचं स्वतः करते.

मग एका दुपारी लाईनवर असताना सुपरवायझरने बोलावलं, घरून फोन होता. ती शाळेत उलट्या करत होती, धाप लागली होती. मी पोचले तेव्हा ती अतिदक्षता विभागात होती. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन चुकलं होतं का?" मी ठामपणे नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. म्हणाली, "आई, चार दिवस मी घेतलंच नव्हतं. तुला आणि बाबांना खोटंच सांगितलं. बाबा बघत नाहीत ना."

"विसरलीस?"

"नाही. कंटाळा आला होता."

मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. नोकरी सोडायची आणि सुई परत आपल्या हातात घ्यायची, असं मनाशी पक्कं केलं. पण डोक्यातून तो कंटाळा शब्द जाईना. तीन वर्षांत मी तिला रोज विचारलं होतं, घेतलीस का. कशी घेतलीस, कंटाळा येतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं. सुई तिच्या हातात दिली आणि मी सुटले होते.

आत जाऊन मी तिला म्हटलं, "कंटाळा येणारच. आला की मला सांगायचं, मी शेजारी बसेन. पण सुई तूच घ्यायची."

नोकरी मी सोडली नाही. ती दवाखान्यातून घरी आल्यावर कधी कधी संध्याकाळी नुसतं म्हणायची, "आज नको वाटतंय." मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसायचे. पाच मिनिटं जायची, कधी अर्धा तास.

आता ती नाशिकला नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर राहते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, वॉर्डात एक सात वर्षांचा मुलगा आलाय, साखरेचाच आजार, त्याची आई फार रडते.

"मग तू काय केलंस?"

"त्या बाईंजवळ बसले," ती म्हणाली.